चांगली बाजू खाली

रविवार, ७ जानेवारी १९९६

आले बाई एकदाची! साताऱ्याहून कोल्हापूर, कोल्हापूरहून रात्रभर बस, आणि शेजारी एक बाबा जे चुरमुऱ्यांची पिशवी उघडून बसले ते बंगळूर येईपर्यंत. अंगावर चुरमुरे घेऊनच उतरले. पण हवा काय सुंदर आहे हो इथली! जानेवारीत अकरा वाजताही शाल सोडवत नाही.

खोली कोरमंगलात, जयसिंगरावांच्या घराच्या गच्चीवर. दहा मिनिटांत त्यांनी मला सांगून टाकलं की आमचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे आले, तेव्हा आम्ही तुमच्यापेक्षा जुने मराठे. मी म्हटलं, असाल बाबा. त्यांच्या पत्नी रत्नाबाई मात्र लाख माणूस. मराठी बोलतात पण निम्मी कानडी. स्वल्प चहा घे म्हणाल्या आणि स्वल्प म्हणून लोटाभर दिला. कशालाही सरी म्हणतात, म्हणजे बरं. खाट हलवू का विचारलं तर सरी, खिळा ठोकू का विचारलं तर सरी.

खाट हलवलीच. मी जन्मापासून डाव्या कुशीवर झोपणारी आणि तोंड खिडकीकडे लागतं मला. खिडकीतून नारळ दिसतो आणि त्यापलीकडे नर्सिंग होमची पाण्याची टाकी. उद्यापासून तिथल्या लॅबमध्ये सकाळची ड्युटी, सहा ते दोन. चालत पाच मिनिटं, म्हणजे रिक्षावाल्यांशी हुज्जत घालायला नको.

फार दिवसांनी इतकं बरं वाटतंय. भाग्यलक्ष्मी अजून तिथेच आहे. निघण्याआधी एसटीडीवरून फोन करून खात्री करून घेतली होती.

मंगळवार, ९ जानेवारी

काम आवडलं, खोटं कशाला लिहू? यंत्र माझ्या एकटीच्या ताब्यात. पेशंटच्या मनगटातल्या धमनीतून रक्त काढायचं, सिरिंज बर्फात ठेवून पळत आणायची, रक्त आत सोडायचं. दीड मिनिटात कागदाची पट्टी बाहेर येते आणि रक्तात प्राणवायू किती ते कळतं. ऐंशीच्या वर असला की ठीक. साठच्या खाली गेला की डॉक्टर पळतात.

डॉक्टर त्रिविक्रम अजून तसेच, चालता चालता बोलणार, उत्तर ऐकायला थांबणार नाहीत. मला ओळखलं नाही. तेव्हा माझ्या दोन वेण्या होत्या आणि मी रडत होते.

आणि ती दिसली, भाग्यलक्ष्मी. भाग्यम्मा म्हणतात तिला सगळे. निळ्या काठाची साडी, ओकं मनगट, विधवा आहे. बावीस वर्षं आया आहे इथे. तिनेही ओळखलं नाही. माझ्याकडे बघून हसली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

आता लिहूनच ठेवते, म्हणजे कधी मन मऊ पडलं तर वाचता येईल. उल्हासदादा इथल्या कारखान्यात फिटर होता. एकतीस वर्षांचा. फेब्रुवारी चौऱ्याण्णवमध्ये त्याला न्यूमोनिया झाला, एकाच फुफ्फुसाला, याच नर्सिंग होममध्ये ठेवलं, आणि मी साताऱ्याहून धावत आले. रविवारची दुपार होती. डॉक्टर त्रिविक्रम निघता निघता म्हणाले, चांगलं फुफ्फुस खाली येईल असं कुशीवर ठेवा, आयाला सांगा. इंग्लिशमध्ये म्हणाले आणि गेले. आयाला इंग्लिशही येत नव्हतं आणि हिंदीही. मला आठ दिवसांत चार कानडी शब्द आले होते. केळगे म्हणजे खाली. दादा म्हणायचा, कानडी सोपी आहे गं, निम्मे शब्द आपले संस्कृतच. म्हणून मी तिला तिच्याच भाषेत स्वच्छ सांगितलं, बल केळगे. जे बलवान ते खाली. ती दंडावर थाप मारून म्हणाली, बल? मी म्हटलं, हो, बल, बल. तीनदा विचारलं तिने, तीनदा सांगितलं मी.

आणि तिने दादाला उजव्या कुशीवर ठेवलं. आजारी फुफ्फुस उजवं होतं! मला कुणी सांगितलेलंच नव्हतं कुठलं. मला वाटलं, आया आहे, तिला माहीत असणार.

पुढे पुण्याला लॅबचा कोर्स करताना पुरुषोत्तम सरांनी शिकवलं तेव्हा भर वर्गात मला घेरी आली. रक्त पाण्यासारखं खालच्या बाजूला जास्त जातं. आजारी बाजू खाली ठेवली तर रक्त सगळं तिकडे, जिथे हवा पोचतच नाही, आणि हवा जाते वरच्या चांगल्या बाजूत, जिथे रक्त नाही. सर म्हणाले, वऱ्हाड एका मांडवात आणि नवरी दुसऱ्या मांडवात, लग्न लागणार कसं? वर कितीही ऑक्सिजन द्या, उपयोग नाही. दादाचा एक्स-रे मी जपून ठेवला होता. सरांना दाखवला. उजवं फुफ्फुस पांढरंफटक.

दादा सारखा डाव्या कुशीवर वळायला बघत होता त्या दुपारी. त्याच्या अंगाला कळत होतं. मी त्याचा खांदा दाबून धरला होता, दोन तास. हट्ट करू नकोस दादा, तुझ्या भल्यासाठीच आहे, असं म्हणत होते. त्या झटापटीत माझी एक हिरवी बांगडी फुटली. साडेचारला पट्टी आली, प्राणवायू अडतीस. पाचला दादा गेला.

माझ्या हातून करून घेतलं त्या बाईने हे. म्हणून आले आहे मी. ती बाई इथून रडत बाहेर पडेल तेव्हाच मी सुखाने श्वास घेईन.

सोमवार, १५ जानेवारी

संक्रांत. इकडे तिळगुळाऐवजी एळ्ळु-बेल्ल वाटतात, तीळ, गूळ, खोबरं, दाणे सगळं एकत्र. भाग्यम्माने कागदाच्या पुडीत आणून माझ्या हातावर ठेवलं आणि गालाला हात लावला. काहीतरी बोलली. सिस्टरने अर्थ सांगितला, एळ्ळु-बेल्ल खा, चांगलं बोल. आपल्यासारखंच. मी तिच्यादेखत हसले आणि ती वळल्यावर पुडी कचऱ्यात टाकली. चांगलं बोल म्हणे! बोलणार आहे, थांब.

सिस्टर कानडी शिकवते म्हणाली. नको म्हटलं. इथे डॉक्टर-सिस्टर राइट लंग, लेफ्ट लंग असंच बोलतात, माझं काही अडत नाही. त्या भाषेत एकदा बोलले ते पुरे झालं.

रविवार, २१ जानेवारी

विचित्रच. ड्युटीवरून आले की जेवून तासभर पडते. हल्ली जाग येते तेव्हा मी उजव्या कुशीवर असते. तोंड भिंतीकडे. आज तर वळताच येईना, डाव्या खांद्यावर कुणी हात ठेवून बसावं तसं ओझं होतं. मग बांगड्या वाजल्या आणि ओझं गेलं. मला वाटलं रत्नाबाई उठवायला आल्या असतील. खाली जाऊन विचारलं तर त्या दोन तास मिरच्या वाळत घालत होत्या, वर आल्याच नव्हत्या. पित्त झालं असेल म्हणाल्या आणि स्वल्प म्हणून तांब्याभर ताक प्यायला लावलं.

चादर झटकताना काचेचा तुकडा सापडला. हिरवा. मी तर लॅबच्या नोकरीत बांगड्या घालतच नाही. आधीच्या भाडेकरणीचा असेल.

मंगळवार, ३० जानेवारी

मिळाला! दादाचा केसपेपर रेकॉर्डच्या खोलीत धूळ खात पडला होता. डॉक्टरांच्या अक्षरात सूचना स्पष्ट आहे, चांगलं फुफ्फुस खाली. आणि खाली सिस्टरची नोंद, आयाने पेशंटला उजव्या कुशीवर ठेवले. सही-शिक्क्यासकट! आता कुठे पळतेस, भाग्यम्मा?

जिना चढताना धाप लागली. गंमत म्हणून माझंच रक्त काढून यंत्रात घातलं. चौऱ्याहत्तर. माझं वय सव्वीस आणि फुफ्फुसं घोड्याची. यंत्र बिघडलंय म्हणावं तर पुढच्या पेशंटचं बरोबर आलं.

दुपारी पुन्हा तो हात. आता घाबरत नाही. मला कळलंय कोण ते. दादा आहे. घाई कर म्हणतोय. करते रे, आठ दिवस दे.

सोमवार, ५ फेब्रुवारी

झालं! एक्स-रे, केसपेपर, सगळं नर्सिंग होमच्या मालकांच्या टेबलावर आपटलं. म्हटलं, मी उल्हासची बहीण, या बाईने माझा भाऊ मारला, ग्राहक न्यायालयात जाते आणि पेपरातही देते. मालकांचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टर त्रिविक्रम खिडकीबाहेर बघत राहिले. अर्ध्या तासात भाग्यम्माला बोलावून काढून टाकलं. बावीस वर्षं, अर्धा तास!

मला वाटलं होतं चोराच्या उलट्या बोंबा ऐकायला मिळतील. तिने वॉर्डाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, माझ्याकडे बघून सरी मगळे म्हणाली, आणि गेली. मगळे म्हणजे मुली. बाहेर पायरीवर बसून मात्र पदर तोंडात धरून रडली. मी वरच्या खिडकीतून शेवटपर्यंत बघितलं.

करावे तसे भरावे. येताना जिलबी आणली, रत्नाबाईंना दिली. कसली विचारल्यावर म्हटलं, देणं फिटलं त्याची. त्या सरी म्हणाल्या.

दादा, आता झोप तू. मलाही झोपू दे.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

नाही झोपला.

उलट ओझं वाढलं. हात आता ठेवलेला नसतो, दाबतो. नखं निळसर दिसतात. आज रक्तात अठ्ठावन्न आला. घाबरून डॉक्टर त्रिविक्रमांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढायला लावला. आरशासारखा स्वच्छ. मग पट्टी बघून म्हणाले, धमनीऐवजी शिरेतलं रक्त काढलंस, आधी काम शीक. सगळ्यांसमोर! मला काम शीक म्हणतात! त्या दिवशी दोन मिनिटं थांबून कुठली बाजू एवढं सांगितलं असतं तर मेलं कशाला हे घडलं असतं?

ड्युटी संपल्यावर ऑक्सिजनचा मास्क लावून वीस मिनिटं बसले. पुन्हा रक्त काढलं. अठ्ठावन्न. हवा आत जातेय, रक्त फिरतंय, दोघांची गाठच पडत नाही. सरांचे दोन मांडव. फुफ्फुसं धडधाकट असताना हे होऊच शकत नाही.

दादा, अजून काय हवंय तुला? काढलं ना तिला?

गुरुवार, १५ फेब्रुवारी

सावकाश लिहिते.

रत्नाबाई म्हणाल्या, तुझं तोंड बघवत नाही, चल इंदिरानगरला, आमचे ओळखीचे वैद्य आहेत. रिक्षा केली. या गावात पहिल्यांदाच रिक्षात बसले असेन. चौकात आल्यावर रत्नाबाई पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाल्या, बलक्के तिरुगिसप्पा, बलक्के.

रिक्षा उजवीकडे वळली.

मी विचारलं, काय सांगितलंत त्याला? त्या म्हणाल्या, उजवीकडे घे म्हटलं. बल म्हणजे उजवं, एड म्हणजे डावं. मी म्हटलं, बल म्हणजे ताकद ना? त्या हसल्या. म्हणाल्या, पुस्तकात ते पण असेल गं, पण रस्त्यावर, घरात, दवाखान्यात बल म्हटलं की उजवं.

आणि दंडावर थाप मारून दाखवली. उजव्या.

भाग्यम्मानेही तोच दंड थोपटला होता. मला वाटलं होतं ताकद दाखवतेय. ती विचारत होती, उजवं? उजवं खाली? तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हटलं.

बल केळगे. उजवं खाली. मी सांगितलं. मी.

रिक्षातच ओकले.

शनिवार, १७ फेब्रुवारी

भाग्यम्माच्या घरी गेले. रत्नाबाईंना बरोबर घेतलं, बोलायला. पत्र्याची खोली, दारात तुळस. मी पाय धरले. रडत विचारलं, मालकांसमोर सांगितलं का नाहीस की बहिणीनेच बल सांगितलं?

रत्नाबाई तिचं बोलणं मराठीत सांगत होत्या. ती म्हणाली, तुला पहिल्या दिवशीच ओळखलं मी. दोन वर्षांपूर्वी तू गेल्यानंतर डॉक्टर माझ्यावर ओरडले तेव्हा कळलं मला, चूक कुठे झाली ती. पण पोरीला कळलं तर ती जगेल कशी? भावाचा खांदा तिनेच दाबून धरला होता. म्हणून कुणालाच सांगितलं नाही. नोकरी काय, आज ना उद्या जायचीच होती.

मी म्हटलं, मला मार, थोबाडीत मार. तिने भाकरी वाढली.

घास गिळवेना. भूक आहे, दमच नाही.

सोमवार, १९ फेब्रुवारी

मालकांना खरं सांगितलं. लिहून दिलं. त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला, म्हणाले, प्रकरण मिटलं, उकरू नकोस. तिला परत घेणार नाहीत. तिची बावीस वर्षं मी खाल्ली आणि ती मला परत ओकता येत नाहीत.

पट्टी — पन्नास.

बुधवार, २१ फेब्रुवारी

कामावर गेले नाही. जिना उतरवत नाही.

डाव्या कुशीवर झोपायचं ठरवलं. खाटेला ओढणीने स्वतःला बांधून घेतलं. जाग आली तर गाठ सुटलेली. मी उजव्या कुशीवर. तोंड भिंतीकडे.

चादरीत अजून तुकडे. हिरवे. जोडून बघितले — एक अख्खी बांगडी होते. माझ्याच मापाची.

गुरुवार, २२

दादाचा हात नव्हता तो. दादा कशाला बांगड्या घालेल? मूर्ख मी.

माझा हात आहे. त्या दुपारचा. दादाने तेवढाच ठेवून घेतला — तो परत पाठवलाय.

शुक्रवार

भाग्यम्मा आली. रत्नाबाईंनी निरोप धाडला म्हणे. अंग पुसलं, पेज भरवली. मी काढलं तिला आणि ती माझी पेज — लाजेने मरावं.

रत्नाबाई म्हणतात दवाखान्यात नेऊ. म्हटलं, डॉक्टर स्वच्छ एक्स-रे दाखवतील. देणं माझं आहे. पण घाबरलेय फार. मरायचं नाहीये मला. दादा, ऐकतोस का, चुकून झालं रे — मला वाटलं —

तुलाही मरायचं नव्हतं.

रविवार, २५. दुपार

डाव्या हाताने लिहितेय. उजवा अंगाखाली अडकलाय.

जयसिंगराव, रत्नाबाई अँब्युलन्सला फोन करायला गेले. भाग्यम्मा एकटीच होती. कुठल्या कुशीवर करू, विचारत होती खुणेने. डावीकडे सांगायचं होतं. एड. पाठ केलाय शब्द. श्वासच पुरेना. बळ नाही गं, एवढंच आलं तोंडून. बळ —

ती म्हणाली, बल? सरी, सरी.

उजव्या कुशीवर वळवलं. खांद्यावर हात ठेवून बसली. मायेने. मी वळायला बघते, ती थोपटते. मनगट ओकं तिचं.

घड्याळ साडेचार.

पाणी आणायला खाली गेली आत्ता. पावलं ऐकली जिन्यावर.

भाग्यम्मा गेली. हात गेला नाही.

बांगड्या वाजतात. दाबतोय — हट्ट करू नकोस — कोण बोललं — माझाच आवाज, दोन वेण्यांवाला — हट्ट करू नकोस, तुझ्या भल्यासाठीच —

एड, भाग्यम्मा, एड केळ